वडीलकीची रिकामी जागा

'द कॅचर इन द राय' या कादंबरीवरचा वाद ती छापून येण्याआधीच सुरू झाला होता. जे. डी. सॅलिंजरने हस्तलिखित आधी हारकोर्ट ब्रेस या प्रकाशनसंस्थेकडे दिलं होतं. तिथले संपादक रॉबर्ट जिरू यांना ते फार आवडलं. त्यांचे वरिष्ठ यूजीन रेनल यांना मात्र प्रश्न पडला, की गोष्ट सांगणारा हा मुलगा वेडा आहे की काय? सॅलिंजर दुखावला. त्याने हस्तलिखित परत घेतलं आणि १६ जुलै १९५१ रोजी लिटल, ब्राउन अँड कंपनीने ही कादंबरी प्रसिद्ध केली. 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकात एस. एन. बेहरमन यांनी तिच्यावर लांबलचक, जिव्हाळ्याचं परीक्षण लिहिलं. 'ख्रिश्चन सायन्स मॉनिटर'च्या परीक्षणकर्त्याला उलट काळजी वाटली, की असं पुस्तक फार हातांत गेलं तर अशी मुलंही वाढतील. १९६० साली ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात एका शिक्षिकेने ते अकरावीच्या वर्गाला वाचायला लावलं म्हणून तिला नोकरीवरून काढलं. पुढे नोकरी परत मिळाली, पुस्तक मात्र वर्गाबाहेरच राहिलं. आणि याच सुमारास, १९५८मध्ये, व्हर्जिनिया विद्यापीठात बोलताना विल्यम फॉकनरसारखा लेखक त्या पिढीच्या लेखनात याच कादंबरीला मानाचं स्थान देत होता. हा मुलगा माणसांत सामील व्हायला धडपडला, पण सामील होण्याजोगी माणसंच त्याला सापडली नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं.

एकाच मुलाबद्दल ही मतं आहेत. कुणाला तो वेडा वाटतो, कुणाला संसर्गजन्य रोगासारखा, तर कुणाला माणसांच्या शोधात निघालेला. होल्डन कॉलफील्ड हे त्याचं नाव. घडतं तेव्हा तो सोळा वर्षांचा आहे, सांगतो तेव्हा सतरा. डिसेंबरातल्या एका शनिवारी पेन्सिल्व्हेनियातली पेन्सी ही निवासी शाळा सोडून तो न्यूयॉर्कला येतो आणि सोमवारपर्यंत हॉटेलं, बार, टॅक्स्या, बागा असा भटकत राहतो. इंग्रजी सोडून बाकी चारही विषयांत नापास झाल्यामुळे शाळेने त्याला काढलेलं आहे आणि ही त्याची जवळजवळ चौथी शाळा. घडण्याजोगं म्हणाल तर एवढंच घडतं. बाकी सगळं आहे ते त्याचं बोलणं, आणि सत्तर वर्षं माणसं भांडताहेत ती त्या बोलण्यावर.

आमच्या वाचनमंडळात या पुस्तकावर चर्चा झाली तेव्हा मतभेद वयाच्या रेषेवर पडले नाहीत. सर्वांत कठोर बोलला तो वसतिगृहात राहून अभियांत्रिकी शिकणारा एक मुलगा. "सर, याचा बाप मोठा वकील. आजीने पाठवलेले पैसे खिशात, त्यावर हा टॅक्सी करून फिरतो. आमच्याकडे एक वर्ष गेलं तर अख्खं घर खाली बसतं. याच्या दुःखाला मी काय करू?" निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "अरे, पण तो सारखा सांगतोय की मला काही वाटत नाही. आयुष्य वर्गात काढलंय मी. असं सांगणाऱ्या मुलाला फार वाटत असतं." तिसऱ्या एका ताईंना होल्डनपेक्षा त्याच्या आईची काळजी वाटली होती. त्या घरात एक मूल गेलेलं आहे. तेव्हापासून आईला झोप नाही, ती रात्ररात्र सिगारेट ओढत बसते, आणि पुस्तकभरात ती प्रत्यक्ष येते ती एकदाच, मुलगा कपाटात लपलेला असताना. तिघांनीही पुस्तक नीट वाचलं होतं. प्रत्येकाने दाखवलेली जागा पुस्तकात होती. म्हणून मला वाटतं, की 'होल्डन चांगला की वाईट' असा हा वाद नाहीच. त्याची मुळं सॅलिंजरने गोष्ट ज्या तऱ्हेने सांगितली आहे तिच्यात आहेत.

लहान वयाची गोष्ट 'मी' म्हणून सांगणाऱ्या बहुतेक कादंबऱ्यांत एक मोठं माणूस दडलेलं असतं. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये पिप आपल्या पोरवयातल्या कृतघ्नपणाबद्दल सांगतो, पण सांगणारा पिप प्रौढ झालेला आहे. लोहार असलेल्या जोची आपल्याला लाज वाटत होती हे तो आज लाजून सांगतो. हार्पर लीच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड'मधली स्काउट सहा ते नऊ वर्षांची आहे, पण तिच्या आडून बोलणारी जीन लुईस मोठी बाई आहे. हा मोठा सांगणारा वाचकाचं फार मोठं काम करून टाकतो. इथे माझं चुकलं, इथे मला कळलं नव्हतं, इथे माझ्यावर अन्याय झाला, असं तोच ठरवून देतो. पोराच्या वागण्याला घरातल्या वडीलधाऱ्याने सांभाळून घ्यावं तसं तो सांभाळून घेतो, आणि आपण निर्धास्त होऊन वाचतो.

सॅलिंजरने ही वडीलकी काढून घेतली. होल्डन बोलतो आहे तो त्या तीन दिवसांनंतर जेमतेम काही महिन्यांनी, कॅलिफोर्नियातल्या एका उपचारकेंद्रातून. अजून त्याला काही उमगलेलं नाही. पहिल्याच वाक्यात तो डिकन्सच्या डेव्हिड कॉपरफील्डसारखं जन्मापासूनचं चऱ्हाट लावायला नकार देतो, आणि शेवटी या सगळ्याचं आपल्याला काय वाटतं हेच आपल्याला माहीत नाही, असं सांगून थांबतो. म्हणजे ज्या दोन जागी वडीलधारा निवेदक हमखास भेटतो, तिथेच त्याला रजा दिलेली आहे. त्याऐवजी पहिल्या ओळीपासून होल्डन कुणाला तरी 'तुम्ही' म्हणून बोलतो आहे. हे तुम्ही म्हणजे उपचार करणारा डॉक्टर असावा असं पुष्कळ जण मानतात. पण त्या डॉक्टरचा उल्लेख शेवटच्या प्रकरणात तिऱ्हाइतासारखा येतो. मग उरतो आपण. कादंबरीने मोकळी ठेवलेली वडीलकीची जागा वाचकाकडे येते, आणि ती चालवायची रीत प्रत्येक वाचक आपल्या घरातून घेऊन येतो.

या जागेवर बसल्यावर ऐकू काय येतं, हे आपण कान कुठे लावतो यावर अवलंबून आहे. वरवर ऐकू येते ती तक्रार. मुख्याध्यापक ढोंगी, चित्रपट ढोंगी, नाटकातले नट ढोंगी, पियानो वाजवणारा ढोंगी, टाळ्या वाजवणारे त्याहून ढोंगी. एकच शब्द इतक्या वेळा येतो, की वाचणारा कंटाळतो. पण या तक्रारींच्या मध्येच, विषयाला धरून नसल्यासारखं, होल्डन काहीतरी दुसरं बोलून जातो. खोलीतला दादागिरी करणारा सोबती स्ट्रॅडलेटर त्याच्याकडून निबंध लिहून घेतो. खोलीचं किंवा घराचं वर्णन हवं असतं. होल्डन लिहितो ते धाकट्या भावाच्या बेसबॉलच्या हातमोज्यावर. ॲली हा त्याचा भाऊ, डावखुरा. मैदानात उभं असताना वाचायला काहीतरी असावं म्हणून त्याने हातमोज्यावर हिरव्या शाईने कविता लिहून ठेवल्या होत्या. १८ जुलै १९४६ रोजी तो रक्ताच्या कर्करोगाने गेला. तो अकराचा होता, होल्डन तेराचा. त्या रात्री होल्डन गॅरेजमध्ये झोपला आणि तिथल्या सगळ्या काचा त्याने मुठीने फोडल्या. हे तो सांगतो ते एखादी बारीकसारीक गोष्ट सांगावी तसं, आणि लगेच पुढच्या विषयाकडे वळतो.

हे एकदा ऐकलं की बाकीचं पुस्तक वेगळं ऐकू येऊ लागतं. हॉटेलच्या खोलीत पहाटे एकटा पडल्यावर तो ॲलीशी मोठ्याने बोलतो. सायकल घे आणि ये माझ्याबरोबर, असं सांगतो. कारण पूर्वी एकदा मित्राकडे जाताना तू लहान आहेस म्हणून त्याने ॲलीला मागे ठेवलं होतं. ॲलीने हट्ट केला नव्हता. मेलेल्या भावाला आता पुन्हा पुन्हा सोबत नेणारा हा मुलगा आहे. सेंट्रल पार्कमधलं तळं गोठलं की तिथली बदकं कुठे जातात, हे तो एकामागून एक टॅक्सीवाल्यांना विचारत सुटतो. स्मशानात पाऊस आला तेव्हा भेटायला आलेले सगळे धावत गाडीत जाऊन बसले आणि ॲली तिथेच राहिला, हे त्याला सहन झालेलं नाही. शेवटच्या दिवशी फिफ्थ अव्हेन्यूवरून चालताना प्रत्येक चौकात त्याला वाटतं, की आपण पलीकडे पोहोचणार नाही, मध्येच नाहीसे होऊ. आणि तो ॲलीची विनवणी करतो, की मला नाहीसं होऊ देऊ नकोस. काचा फोडून हात जायबंदी झालेला हा मुलगा इस्पितळात होता. भावाच्या अंत्यसंस्कारालाही तो नव्हता, असाच त्याच्या बोलण्याचा अर्थ निघतो. त्याला रडायला जागाच मिळाली नव्हती. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत पाठवणं, एवढीच व्यवस्था त्या सुस्थित घराला सुचली.

तरीही होल्डन न आवडणाऱ्यांना निष्ठुर म्हणायला मी तयार नाही. त्यांची बाजू भक्कम आहे. होल्डन खोटं बोलतो आणि खोटं बोलण्यात रमतो. आगगाडीत भेटलेल्या एका वर्गमित्राच्या आईला तो तिच्या मुलाचं बनावट कौतुक ऐकवतो. सॅली हेज या मुलीला फिरायला नेतो, सगळं सोडून माझ्याबरोबर पळून चल म्हणतो, ती व्यवहाराचं बोलल्यावर तिला रडवतो आणि मग हसतो. जगात सगळे ढोंगी आहेत हा त्याचा निवाडा फार स्वस्तात आलेला आहे. आणि वसतिगृहातल्या आमच्या त्या मुलाचा आक्षेप तर मला सर्वांत वजनदार वाटतो. दुःखालाही फुरसत लागते, आणि ती फुरसत होल्डनला बापाच्या पैशाने मिळालेली आहे. त्याच्याच वयाच्या लाखो मुलांना भाऊ गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात कामावर जावं लागतं.

हे होल्डनला अगदीच ठाऊक नाही असं नाही. आधीच्या एका शाळेत त्याच्या खोलीतल्या मुलाकडे अगदी साध्या, स्वस्त बॅगा होत्या. तो त्या लाजेने पलंगाखाली सारायचा. होल्डनच्या बॅगा अस्सल चामड्याच्या, महागड्या. त्या मुलाला वाईट वाटू नये म्हणून होल्डनने आपल्याही बॅगा पलंगाखाली टाकल्या. पण त्या मुलाने त्या पुन्हा बाहेर काढून ठेवल्या, पाहणाऱ्यांना त्या आपल्या वाटाव्यात म्हणून. शेवटी दोघांनीही खोली बदलून मागितली. पैशाची दरी मनाच्या चांगुलपणाने बुजत नाही हे सोळाव्या वर्षी कळलेलं आहे, पण पुढे काय करायचं ते कळलेलं नाही. अशा जागा वाचताना मी होल्डनच्या बाजूनेही राहू शकत नाही आणि विरुद्धही जाऊ शकत नाही. तिथे त्याच्यासमोर थांबावं लागतं.

वाचकांचं हे भांडण सॅलिंजरला पुरतं ठाऊक असावं, कारण ते त्याने कादंबरीतच लिहून ठेवलं आहे. होल्डनला भेटणारी मोठी माणसं म्हणजे एकेक प्रकारचे वाचकच आहेत. इतिहासाचे म्हातारे शिक्षक स्पेन्सर त्याला निरोपासाठी घरी बोलावतात. त्यांना त्याच्याबद्दल खरोखर आपुलकी आहे. पण ते त्याचा नापास झालेला इजिप्तवरचा पेपर काढून त्याच्यासमोर मोठ्याने वाचतात. चूक दाखवली म्हणजे मुलगा सुधारेल, हा त्यांचा विश्वास. 'याला चार रट्टे हवेत' म्हणणारा वाचक त्यांच्याच शेजारी बसलेला असतो. अँटोलिनी हे दुसरे शिक्षक. पूर्वी एल्कटन हिल्स शाळेत जेम्स कॅसल नावाच्या मुलाने छळाला कंटाळून खिडकीतून उडी मारली, तेव्हा रक्ताची पर्वा न करता आपला कोट त्याच्यावर घालून त्याला उचलून नेणारे तेच. ते होल्डनला समजून घेतात. त्याच्याआधीही माणसं अशी गोंधळली होती आणि त्यांनी त्याच्या नोंदी ठेवल्या, असं मोलाचं सांगतात. पण रात्री होल्डनला जाग येते तेव्हा त्यांचा हात त्याच्या डोक्यावर असतो, आणि तो घाबरून घर सोडतो. त्या स्पर्शात माया होती की आणखी काही, हे कादंबरी सांगत नाही. सांगायला वडीलधारा निवेदकच नाही. होल्डनला निव्वळ कुरवाळणाऱ्या वाचकाने ही जागा पुन्हा पुन्हा वाचावी असं मला वाटतं. समजून घेणाऱ्याच्या हातालाही धरबंध लागतो.

आणि मग दहा वर्षांची फीबी, होल्डनची धाकटी बहीण. तो पुन्हा शाळेतून निघाला हे कळताच ती उशीत तोंड खुपसून त्याच्याशी बोलणं बंद करते. मग त्याला सरळ विचारते, की तुला काहीच आवडत नाही, आवडणारी एक तरी गोष्ट सांग. होल्डनला धड एकही सांगता येत नाही. त्याला नाश्त्याला भेटलेल्या दोन नन आठवतात, उडी मारून गेलेला जेम्स कॅसल आठवतो; शेवटी तो ॲलीचं नाव घेतो. ती म्हणते, ॲली तर गेला. या कादंबरीवरची पुष्कळ टीका मी वाचली आहे. होल्डनवर इतका अचूक आक्षेप दुसऱ्या कुणी घेतलेला मला आढळला नाही. त्याच फीबीने त्याच्या हातून पडून फुटलेल्या ग्रामोफोनच्या तबकडीचे तुकडे मागून घेऊन जपून ठेवले आहेत. आणि तो पश्चिमेकडे पळून जाणार म्हटल्यावर तीच दुसऱ्या दिवशी भलीमोठी बॅग ओढत त्याच्यामागे येते. मला ने म्हणते. तिच्यापुढे होल्डनचं पळून जाणं संपतं. स्पेन्सरांनी चूक पाहिली, अँटोलिनींनी जखम पाहिली. दोन्ही पाहून त्याचा पिच्छा न सोडणारी फीबी एकटी आहे.

अशी कादंबरी सॅलिंजरच्या हातून का झाली याचं एक कारण मला त्याच्या युद्धात दिसतं. होल्डन हे पात्र त्याच्या मनात पुष्कळ आधीपासून होतं. १९४१ साली 'न्यू यॉर्कर'ने त्याच्यावरची एक कथा घेतली, पण पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि ती छापून आली ती थेट १९४६मध्ये. मधल्या काळात सॅलिंजर ६ जून १९४४ला नॉर्मंडीच्या युटा किनाऱ्यावर उतरला, हुर्टगेनच्या जंगलातल्या भीषण लढाईतून गेला, आणि १९४५मध्ये मन पार थकून न्यूरेंबर्गच्या इस्पितळात दाखल झाला. 'एस्क्वायर' मासिकात १९४५ साली आलेल्या त्याच्या एका कथेत होल्डन कॉलफील्ड युद्धात बेपत्ता आहे आणि त्याचा थोरला भाऊ त्याच्यासाठी झुरतो आहे. कादंबरीत तोच होल्डन जिवंत आहे, आणि गेलेल्या भावासाठी झुरतो आहे. युद्ध कादंबरीत जवळजवळ नाहीच, पण मागे उरलेल्या माणसाचं ते बेताल, चिडकं, विषय बदलत राहणारं बोलणं त्यात आहे. १९५१च्या सुखवस्तू अमेरिकेला ते बोलणं पोराच्या तोंडी ऐकवताना वर समजुतीचा आवाज ठेवणं त्याला खोटं वाटलं असावं. त्याने स्वतःही पुढे समजावून सांगितलं नाही. १९५३पासून तो न्यू हॅम्पशायरमधल्या कॉर्निश गावी जाऊन राहिला, १९६५नंतर त्याने काही प्रसिद्ध केलं नाही, आणि २०१०मध्ये एक्याण्णवाव्या वर्षी तिथेच वारला.

मराठी वाचकाला हे सारं परकं वाटू नये. १९६३ साली आलेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'ची या कादंबरीशी तुलना आपल्याकडे फार काळ होत आली आहे. पांडुरंग सांगवीकर पंचविशीचा आहे, होल्डनहून मोठा. त्याचं खानदेशातलं खेडं, बापाशी असलेलं भांडण, पुण्याचं वसतिगृह हे सगळं इथल्या मातीतलं आहे आणि त्याला न्यूयॉर्कच्या मापाने मोजू नये. पण 'कोसला'वरही आपण असेच भांडलो. बापाचे पैसे उडवणारा निकामी पोरगा, असं एका घराने म्हटलं. दुसऱ्या घरात तेच पुस्तक उशाशी राहिलं. तिथेही बहिणीचा, मनीचा, देवीच्या साथीतला मृत्यू पुस्तकाच्या मधोमध आहे, आणि तो ज्याला जितका ऐकू आला तितकं पांडुरंगाचं बाकीचं बोलणं त्याला वेगळं वाटलं. दोन्हीकडे सांगणाऱ्याच्या डोक्यावर कुणाचा हात नाही, आणि दोन्हीकडे वाचकालाच ठरवावं लागतं की या मुलाचं काय करायचं.

म्हणून 'तुम्हाला होल्डन आवडतो का' हा प्रश्न मला अपुरा वाटतो. आवडीनिवडीचा प्रश्न समवयस्कांचा असतो. ही कादंबरी आपल्याला वेगळं विचारते, की दुखावलेलं पोर तुमच्यासमोर उद्धटपणे बोलू लागलं तर तुम्ही कोण होता? त्याच्या उद्धटपणाला उत्तर देणारे, की त्याच्या दुखण्याला? याचं उत्तर आपण पुस्तकाबाहेर कसे वागतो, आपल्याशी कसं वागलं गेलं, यातून येतं. अभियांत्रिकीच्या त्या मुलाला स्वतःचं दुःख बोलून दाखवायची कधी सवडच मिळाली नव्हती, हे त्याच्या रागातून मला दिसलं. आणि बाईंच्या शांतपणामागे त्यांच्या वर्गातली कोण कोण मुलं होती ते त्यांनाच ठाऊक. होल्डनवर बोलता बोलता ती दोघं एकमेकांशी पुष्कळ बोलली.

माझी बाजू ठरलेली आहे, ती फीबीची. आवडणारी एक गोष्ट सांग, असं त्या मुलाला खडसावून विचारावं, त्याने दिलेलं तकलादू उत्तर मान्य करू नये, आणि त्याला एकटं सोडून जाऊही नये. हे तिन्ही एकाच माणसाने करायचं असतं, आणि म्हणूनच ते अवघड आहे. वडीलकी चालवायला वय लागत नाही हे दहा वर्षांच्या मुलीने दाखवून दिलं आहे. आपल्या घरांत, वर्गांत, वसतिगृहांत 'मला काही फरक पडत नाही' असं म्हणणारी मुलं आजही आहेत. त्यांतल्या पुष्कळांचं बोलणं ऐकवत नाही, आणि काहींचं तर सरळ चुकीचं असतं. चुकीचं आहे ते चुकीचं म्हणावं. पण ते म्हणण्याआधी त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणं हे मोठ्यांचं पहिलं काम आहे, आणि ते काम या कादंबरीने तिच्या प्रत्येक वाचकाकडून करवून घेतलं आहे, तिच्यावर रागावलेल्या वाचकाकडूनसुद्धा.